उपासनेआधीची दहा मिनिटं

(दृश्य : रिकामं प्रार्थनामंदिर. बाकावर मिटलेलं गीतपुस्तक.)

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला अजून १० मिनिटं आहेत. ती सहसा माइक तपासण्यात आणि गप्पांत जातात. पण देव भेटेल या अपेक्षेनं यायचं, तर तयारी आदल्या रात्रीच लागते. उद्याचा शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेत वाचायचा बायबलचा उतारा, घरी एकदा मोठ्यानं वाचायचा आणि जे वाक्य अडलं, ते मनात घेऊनच बाकावर बसायचं.

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ६व्या अध्यायात, देवाच्या भेटीचा क्रम दिसतो. आधी दर्शन, मग अशुद्ध ओठांची कबुली, ओठांना लागलेला निखारा, आणि शेवटी ‘कोणाला पाठवू?’ हा प्रश्न. स्तवन, पापकबुली, क्षमेचं वचन, उपदेश, रवानगी : अनेक मंडळ्यांची उपासना याच वाटेनं जाते.

घसरतं ते बहुधा पापकबुलीत. पाळक म्हणतात, “शांतपणे आपली पापं देवापुढं मांडू या,” आणि चार सेकंदांत पुढची प्रार्थना सुरू! तेवढ्यात डोळे मिटून होतात, इतकंच. निदान अर्धा मिनिट हवा. पुढं उभं असलेल्याला तो फार लांबतो, म्हणून त्यानं मनात सहा सावकाश श्वास मोजावेत. कीबोर्डही थांबवावा. मागं सूर चालू असला की अंगावर आलेल्या काट्यालाच माणूस भेट समजतो. मग पुढच्या रविवारी काटा आला नाही, की देवही आला नाही असा हिशेब.

(दृश्य : भाकर मोडणारे हात, जवळून.)

लूकच्या शुभवर्तमानात, अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूच्या दोघा शिष्यांची अंतःकरणं शास्त्र ऐकताना पेटली होती, तरी सोबत चालणारा पुनरुत्थित येशूच आहे हे कळलं नाही. ओळख पटली ती भाकर मोडताना. म्हणून प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, भाकर सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश मोडावी. आधीच कापलेले तुकडे ताटलीतून फिरवले, तर मोडणं कुणाला दिसतच नाही.

इ. स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकानं रोममध्ये रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहिलं : वेळ असेल तितकं वाचन, उपदेश, सर्वांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि पाण्यासह द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत, त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, पोहोचवत.

(दृश्य : आजारी माणसाच्या उशाशी झाकलेली ताटली.)

इथंही घाई नको. आधी लहानसं वाचन, मग शांतता. थरथरता हात पुढं यायला वेळ लागतो. तोवर भाकर धरून थांबायचं.