सकाळची ती बारीक गोळी

नमस्कार मंडळी. ज्यांना दिवस गेलेत त्या, आणि ज्यांच्या घरात सून, लेक, जाऊ पोटुशी आहे ते सगळे, आज थोडा वेळ माझ्याकडं कान द्या. मी परभणी जिल्ह्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, रोज सकाळी रांगेतल्या बायकांचं रक्त काढते, आणि मला स्वतःला लग्नाच्या आधीपासून थायरॉईड आहे. तसा थायरॉईड सगळ्यांनाच असतो, गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ग्रंथी असते ती, पण आपल्याकडं "मला थायरॉईड आहे" असंच म्हणतात म्हणून मीही तसंच म्हणते. म्हणजे माझी ग्रंथी कमी काम करते, तिचं हार्मोन कमी पडतं, ते भरून काढायला रोज एक गोळी घ्यावी लागते.

माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, गोळीचं तिकडं काही बोलू नको. मी नाही बोलले. बाटली पर्समध्ये, पर्स कपाटात, सकाळी उठलं की आधी सगळ्यांचा चहा, त्यातच माझाही कप, आणि मग खोलीत कुणी नाही बघून गोळी. आता ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते, चहाच्या निदान अर्धा तास आधी, तास झाला तर फारच चांगलं, नाहीतर ती अंगी लागत नाही. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून गप्पच राहिले, नंतर तपासलं तर टीएसएच 11. टीएसएच म्हणजे ग्रंथीला काम करायला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की रक्तात त्याचा आकडा चढतो. गोळी रोज घेत होते तरी! डोस वाढवला, पुढं सगळं नीट झालं, मुलगी आता नववीत आहे, पण ते मधले दिवस मी झोपले नाही कारण मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

काय सांगितलं नव्हतं ते ऐका. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण 12 आठवड्यांनी काम सुरू करते आणि 18-20 आठवड्यांपर्यंत तिचं काम बेताचंच असतं, तोवर बाळाच्या मेंदूला लागणारं हार्मोन आईच्या रक्तातूनच जातं, म्हणून आईची गरज अगदी पाळी चुकल्यापासूनच वाढायला लागते. म्हणजे आपण ज्या तीन महिन्यांत तोंड बंद ठेवतो नेमके तेच महत्त्वाचे. आत्याला, मावशीला नका सांगू, पण डॉक्टरला त्याच आठवड्यात सांगा. ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांचा डोस बहुतेक वेळा 25 ते 30 टक्के वाढवावा लागतो, बरेच डॉक्टर सोपं करून सांगतात की आठवड्याला 7 ऐवजी 9 गोळ्या घ्या, पण हे आपल्या मनानं करू नका, मूल हवंय असं ठरवलं तेव्हाच विचारून ठेवा. टीएसएच 2.5 च्या खाली ठेवायचं असतं, आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासायचं, मग 30 व्या आठवड्याच्या आसपास एकदा.

आणि "पोटुशीला गोळ्या गरम पडतात" म्हणून ही गोळी बंद करणाऱ्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे. शरीर जे हार्मोन बनवतं तेच या गोळीत असतं, आपल्याकडं कमी पडतंय तेवढं बाहेरून भरायचं, त्यात गरम-थंड काही नाही. हां, सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र हिच्यासोबत घेऊ नका, चार तासांचं अंतर ठेवा, कारण त्या हिला आतड्यातच धरून ठेवतात. बऱ्याच बायका सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन गिळतात आणि मग रिपोर्ट का सुधरत नाही म्हणून रडतात. आपल्याकडं घरोघरी सोयाबीन, त्याच्या वड्या नाहीतर पीठ खाता तर तेही गोळीपासून लांब ठेवा. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात खिडकीत बाटली ठेवू नका.

आता अँटीबॉडी. रिपोर्टवर टीपीओ, म्हणजे थायरॉईडच्या अँटीबॉडीच्या नावापुढं मोठा आकडा दिसला की बायकांचे हातपाय गळतात, परवा एक पोरगी माझ्यासमोर रडायलाच लागली. आपल्या शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच ग्रंथीवर उठते, कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा ना, त्याची खूण म्हणजे ही अँटीबॉडी. जपानमधल्या हाशिमोटो नावाच्या डॉक्टरनं 1912 मध्ये हा आजार लिहून ठेवला म्हणून त्याचंच नाव पडलं. अशा बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण थोडं जास्त दिसतं हे मी लपवणार नाही, पण म्हणून तो होणारच असं नाही. टीएसएच नॉर्मल आणि फक्त अँटीबॉडी असेल तर गोळी दिल्यानं फायदा होतो का हे ब्रिटनमध्ये शेकडो बायकांवर तपासलं, 2019 मध्ये निकाल आला, जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. तेव्हा आकडा खाली आणतो म्हणून कुणी महागडी पावडर, सेलेनियमच्या गोळ्या विकत असेल तर पैसे खजूर-शेंगदाण्याला लावा. तो आकडा दर महिन्याला तपासायचीही गरज नाही, लॅबवाली असून सांगते. लक्ष टीएसएचवर ठेवायचं, कारण अशी ग्रंथी वाढीव काम ओढताना मधेच कमी पडू शकते, आणि टीएसएच वर सरकलं तर अँटीबॉडी असलेल्या बाईला डॉक्टर गोळी लवकर सुरू करतात.

ज्यांना थायरॉईड जास्त आहे, छाती धडधडते, हात थरथरतात, त्यांची गोष्टच वेगळी. त्यांच्या अँटीबॉडी बाळापर्यंत पोचून त्याची ग्रंथी बिघडवू शकतात, आणि त्यांच्या काही गोळ्या पहिल्या तीन महिन्यांत बदलाव्या लागतात. त्यांनी मोठ्या डॉक्टरकडंच जावं.

मला सगळ्यात जास्त काळजी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची वाटते. बीडकडून, आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पोटुशी बाई पण कोयत्यावर जाते कारण उचल घेतलेली असते, मग चार आठवड्यांची तपासणी कुठली आणि गोळ्या संपल्यावर आणायच्या कुठनं? मुकादम भाऊ ऐकत असतील तर एवढं करा, तिला महिन्यातून एक दिवस जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊ द्या, आणि तिचा खाडा धरू नका. बाई, तू निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि रिपोर्टचा फोटो सोबत घे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या पोरींचंही तसंच होतं, ओटीभरण होतं, साडी, बांगड्या सगळं गाडीत बसतं आणि फाईल सासरच्या कपाटात राहते.

बाळंतपण झाल्यावर डोस बहुतेक पूर्वीइतका कमी करतात. बाळाच्या टाचेचं रक्त तिसऱ्या ते पाचव्या दिवशी थायरॉईडसाठी तपासता येतं का ते दवाखान्यात विचारा. अँटीबॉडी असलेल्या साधारण निम्म्या बायकांची ग्रंथी बाळंतपणानंतर वर्षभरात बिघडते, आधी धडधड, मग थकवा, केस गळणं, उगीच रडू येणं, आणि घरचे म्हणतात बाळंतीण आळशी झाली. सासूबाई, तिला बोलण्याआधी तपासून घ्या. लेकराला दीड महिन्याच्या डोसला नेता ना, त्याच दिवशी सकाळी तिचंही रक्त द्या, गोळी मात्र रक्त दिल्यावर घ्यायची.