मुलांना सगळं कळतं, विचारता मात्र येत नाही

नमस्कार मंडळी. कमिटीने फोन करून विषय विचारला तेव्हा मी हा सांगितला आणि पलीकडे थोडा वेळ कोणी बोललंच नाही, मग म्हणाले, ताई, जरा हलकंफुलकं काही नाही का? म्हटलं आहे की, पण ते पुढच्या मेळाव्याला.

तर घरातल्या दडवलेल्या गोष्टी. कोणाचं आधी एक लग्न झालेलं असतं, कोणी दत्तक आलेलं असतं, एखाद्या काकांनी आत्महत्या केलेली असते आणि सगळ्यांना सांगताना "अचानक गेले" एवढंच सांगितलेलं असतं, कुठे कर्ज, कुठे दारू, कुठे मानसिक आजार, कुठे नवऱ्याचं दुसरं घर. आपण म्हणतो झाकली मूठ सव्वा लाखाची आणि मूठ झाकून बसतो. मला वाटतं मुलांपर्यंत ती गोष्ट पोचतच नाही बऱ्याचदा, पोचते ती तिच्याभोवतीची शिस्त. म्हणजे त्या काकांचं नाव निघालं की आई उठून आत जाते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि सहा वर्षांचं पोर बघून ठेवतं की इथे बोलायचं नाही. का नाही ते त्याला कोणी सांगत नाही, मग ते स्वतःच कारण शोधतं आणि त्या वयात सापडणारं सगळ्यात सोपं कारण म्हणजे आपणच काहीतरी चुकलो. हीच न विचारायची सवय घेऊन ते मोठं होतं, लग्न करतं, आणि मग बायको म्हणते हा काही बोलतच नाही हो.

"लहान आहे, त्याला काय कळतंय" हे तर आपलं ठरलेलं वाक्य. ओरेगॉन विद्यापीठात 2013 साली एक छोटा अभ्यास झाला होता, सहा महिने ते एक वर्षाच्या बाळांना झोपेत असताना एमआरआय मशीनमध्ये वेगवेगळ्या सुरातले आवाज ऐकवले. ज्या घरात आईवडिलांची जास्त भांडणं व्हायची तिथल्या बाळांच्या मेंदूत रागाच्या आवाजाला, ताणाशी संबंधित भागांत जास्त प्रतिक्रिया दिसली. झोपेत! बाळं थोडीच होती, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण "झोपलंय, चालू दे" म्हणताना एकदा आठवावं.

आता ह्याचा अर्थ भांडूच नका असा नाही. मार्क कमिंग्ज नावाचे मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं हेच तपासत होते आणि त्यांना दिसलं की मोठ्यांचं भांडण खरंच मिटलं तर मुलांचा त्रास खूप कमी होतो, अगदी बंद दारामागे मिटलं तरी दोघं बाहेर आल्यावर कशी वागतात त्यावरून पोरं ओळखतात. मग न मिटलेलंही ओळखत असणारच की. माझ्या मते आरडाओरड्यापेक्षा अबोला वाईट, कारण अबोल्याला शेवट नसतो आणि त्यात मुलाला नोकरी लागते, पोस्टमनची. "बाबांना सांग फोन आलाय." "आईला सांग मला उशीर होईल." बाबा तिथेच चार फुटांवर बसलेले असतात.

मरे बोवेन म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी 1950 च्या दशकात एकट्या पेशंटला नाही तर अख्ख्या कुटुंबाला हॉस्पिटलमध्ये राहायला आणून निरीक्षण केलं. त्यांचं म्हणणं असं की दोघांमधला ताण दोघांना पेलला नाही की ते तिसऱ्याला ओढतात आणि तो तिसरा बहुतेकदा मूल असतो. हे मी इतक्या घरांत ऐकलंय की काय सांगू. थोरली मुलगी आईची मैत्रीण होते, आई तिला सगळं सांगते, तिला दहाव्या वर्षी माहीत असतं की आईला हे लग्न नको होतं. बाहेरचे म्हणतात किती समंजस पोरगी. पुढे तिचा संसार चांगला चालला तरी तिला आत कुठेतरी अपराधी वाटतं, आईला जे मिळालं नाही ते मी कसं घेऊ, आणि मग ती काहीतरी बारीक कारण काढून भांडते. तिला स्वतःलाही कळत नाही का भांडतेय.

मग येतं ते "मुलांसाठी एकत्र राहिलो". अमेरिकेत पॉल अमॅटो आणि ॲलन बूथ ह्यांनी 1980 मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीतल्या जोडप्यांचा आणि नंतर त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांचा अभ्यास केला. जिथे घरात सतत कडाक्याची भांडणं होती तिथे आईवडील वेगळे झाले ती मुलं पुढे जास्त बरी होती, एकत्र राहिले त्यांच्या मुलांपेक्षा. आणि जिथे वरवर शांत होतं तिथे घटस्फोटाचा धक्का मुलांना जास्त बसला. म्हणजे ह्यातून ना "निभावून न्या" म्हणणाऱ्यांना पूर्ण मार्क मिळतात ना "मोकळे व्हा" म्हणणाऱ्यांना. मला एवढंच म्हणायचंय, राहिलात तर त्याचं बिल मुलांच्या नावावर फाडू नका. "तुझ्यासाठी सगळं सहन केलं" हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकलंय त्याला ते कर्ज कधीच फेडता येत नाही, कारण त्याने ते मागितलंच नव्हतं.

आणि हो, लपवणं आता जमणारही नाहीये. घरी येणाऱ्या डीएनए किटमुळे कोणाला पन्नाशीत कळतंय की वडील वेगळेच आहेत. दत्तक असल्याचं उशिरा कळलेली माणसं काय म्हणतात ते ऐका कधी, दत्तक असण्याचं दुःख त्यात कमी असतं, "सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून" ह्याचं जास्त असतं. स्वीडनने तर 1985 पासूनच कायदा केला की शुक्राणू देणाऱ्या दात्याच्या मदतीने जन्मलेल्या मुलाला पुरेसं मोठं झाल्यावर तो दाता कोण हे जाणून घेता येईल.

पण म्हणून सगळंच सांगत सुटायचं का, तर अजिबात नाही. नवराबायकोचं खाजगी ते खाजगीच. आठ वर्षांच्या मुलाला बापाचं लफडं डिटेलमध्ये सांगणं ह्याला मी खरं बोलणं म्हणत नाही, ते आपलं ओझं त्याच्या पाठीवर टाकणं आहे. मी एकच बघते, ही गोष्ट मुलाच्या स्वतःच्या आयुष्याची आहे का? त्याचा जन्म, त्याची नाती, घरात चालत आलेला आजार, हे त्याचं आहे. डॉक्टर फॅमिली हिस्ट्री विचारतात तेव्हा "अचानक गेले" लिहून भागत नाही.

शेवटी प्रश्नोत्तरात एक ताई मागून म्हणाल्या, आई ऐंशीच्या पुढे आहे, तिचा संसार कसा झाला ते आम्ही पाहिलंय, आता तिला कशाला ते उकरायला लावायचं? मी त्यांना म्हटलं, उकरू नकाच, आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. "का लपवलंस" म्हटलं की ती गप्प होणार. त्यापेक्षा "त्या दिवसांत तू कोणाशी बोलायचीस गं?" असं विचारून बघा, सांगेल किंवा नाही सांगणार, तो तिचा हक्क आहे. पण तुमची मुलगी जेव्हा तुम्हाला विचारेल की आजी-आजोबा एकमेकांशी का बोलायचे नाहीत, तेव्हा "छे, तसं काही नव्हतं" म्हणू नका. होतं, जे माहीत आहे ते तिच्या वयाला झेपेल एवढं सांगा, आणि बाकीचं मलाही माहीत नाही असं म्हणा.