दोन पावलांवरचा तेरडा

[दृश्य : कास पठार, सकाळ. धुकं विरतंय. वाटेच्या कडेला गुडघे टेकून बसलेली मुलगी, हातात नवा कॅमेरा.]

साताऱ्याहून पंचवीसएक किलोमीटर घाट चढून आलं की कास पठार लागतं. सप्टेंबर आहे. जांभ्या खडकावरच्या पातळशा मातीत तेरडा फुललाय. त्यात कवल्याची पिवळी फुलं, इथले वाटाडे त्यांना मिकी माऊस म्हणतात. पाणी साचलंय तिथे गेंदाची पांढरी बोंडं. आणि पलीकडे डोंगरांची रांग. इथे येणाऱ्या प्रत्येकाला हे सगळं एकाच फोटोत हवं असतं : हाताशी आलेलं फूलही आणि क्षितिजावरचा डोंगरही.

मोबाइल ते बिनबोभाट करून देतो. मग हौसेनं, पैसे साठवून घेतलेला कॅमेरा बाहेर निघतो, आणि फूल ठसठशीत, पण डोंगर पुसट. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितलं, तर अख्ख्या कार्डात एक डोंगर धड नव्हता. फार वाईट वाटलं होतं.

कॅमेऱ्यात खोट नव्हती. मोबाइलचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, नखाएवढा, त्याच्या मुख्य भिंगाचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) जेमतेम पाच-सात मिलिमीटर. इतक्या आखूड भिंगाला जवळचं-लांबचं बरंचसं एकदम स्पष्ट दिसतं. मोठ्या कॅमेऱ्यात तेच आपल्याला हातानं जमवून आणावं लागतं.

[दृश्य : एसटी स्थानक. चष्मा नसलेले आजोबा डोळे बारीक करून गाडीची पाटी वाचतायत.]

चष्मा घरी राहिला की आपण काय करतो? डोळे किलकिले करतो, आणि पाटी वाचता येते. डोळ्यात प्रकाश शिरायची वाट अरुंद झाली, की पडद्यावर पसरणारे ठिपके लहान होतात. कॅमेऱ्यातलं ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं लहान-मोठं होणारं छिद्र, नेमकं हेच करतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारं १८-५५चं भिंग घ्या. १८ मिलिमीटरवर, एफ ३.५ला त्याचं छिद्र साधारण पाच मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढं. एफ ११ला दीड मिलिमीटरच्या आसपास, मोहरीएवढं. आकडा मोठा, छिद्र लहान. सुरुवातीला इथेच सगळ्यांची गल्लत होते.

म्हणून डायल ‘ए’वर ठेवा, काही कॅमेऱ्यांवर ते ‘एव्ही’ असतं (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), आणि एफ ११ लावा. झूम पूर्ण मागे, १८वर.

मग एफ २२ का नको? कारण छिद्र फारच लहान झालं की त्याच्या कडेवरून प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम या छायाचित्रकारांनी आपल्या गटाचं नावच ‘एफ ६४’ ठेवलं होतं. पण त्यांचे कॅमेरे वहीच्या पानाएवढी निगेटिव्ह घेणारे होते. आपल्या सेन्सरला एफ ११ पुरे.

आता खरी गोष्ट, आणि माझ्या मते आकड्यांपेक्षा महत्त्वाची. फोकस कुठे करायचा? डोंगरावर केला तर जवळची फुलं जातात. अगदी पुढच्या पाकळीवर केला तर डोंगर जातो. १८ मिलिमीटर, एफ ११, आणि नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात बहुधा असतो तो मध्यम आकाराचा, एपीएस-सी सेन्सर. हे तिन्ही जमले की साधारण दीड मीटरवर फोकस करायचा. मग त्याच्या निम्म्यापासून, म्हणजे पाऊण मीटरपासून, थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. या अंतराला हायपरफोकल डिस्टन्स म्हणतात. नाव जड आहे, पण ते मोजायला फूटपट्टी लागत नाही. दीड मीटर म्हणजे मोठी दोन पावलं. पाऊण मीटर म्हणजे लांब केलेला हात.

[दृश्य : जवळून. फोकसचा चौकोन एका तेरड्यावर येऊन थांबतो.]

तेव्हा वाटेवरूनच, फुलांत पाय न ठेवता, दोन पावलांवरचा एखादा तेरडा निवडा. फोकसचा एकच बिंदू ठेवा, तो त्या फुलावर आणा, शटरचं बटण अर्धं दाबा. फोकस लागला की भिंगावरची फोकसची कळ ‘एम’वर, म्हणजे हातानं करायच्या फोकसवर, सरकवा. आता चौकट हवी तशी लावा, फोकस हलणार नाही. मात्र झूमला हात लावायचा नाही. ५५वर गेलात तर हेच दीड मीटर जवळजवळ चौदा मीटर होतं, आणि पुढची फुलं हातची जातात.

छिद्र लहान केलं म्हणजे प्रकाश कमी झाला. त्यातून हे कास, इथे वारा थांबत नाही. दाट ढग असतील तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, ८०० ठेवा, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास मिळेल. त्यात थोडे दाणे दिसतील, ते चालतील. हललेलं फूल चालणार नाही.

आणि चुकलं तर काय चुकलं हे फोटोच सांगतो. पाकळीवरचा दवबिंदू बघा. तो फुगून गोल चकती झाला असेल, तर फोकस चुकला. एका बाजूला ओढला गेला असेल, तर वाऱ्यानं फूल हललं. पहिल्यात फोकसची जागा बदला, दुसऱ्यात आयएसओ वाढवून शटरचा वेग वाढवा. फूल स्वच्छ आहे आणि फक्त डोंगर पांढुरका, तर ते धुकं. त्याला कुठलंच सेटिंग नाही, थांबायचं.

सीतेची आसवं मात्र या हिशोबात बसत नाहीत. ती निळी-जांभळी फुलं इतकी चिमुकली, की हातभर अंतरावरून नुसते ठिपके दिसतात. त्यांचा फोटो वेगळा काढा, डोंगराचा नाद सोडून.

[दृश्य : मुलगी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघतेय.]

आधी खालचा कोपरा. तेरड्याच्या पाकळ्या, देठावरची लव, एक मुंगी. मग बोटानं वर सरकत, सरकत, डोंगराची कड. कडेवरचं झाड ओळखू येतंय. ती पुन्हा गुडघे टेकते. धुक्याची दुसरी लाट यायच्या आत तिला अजून एक फोटो हवाय.