‘नाईट नर्स’ : डॉक्टरांच्या शब्दाबाहेर गेलेली एक नर्स

साल १९३१. अमेरिकेत मंदी आहे, दारूबंदी आहे. वॉर्नर ब्रदर्सचा ‘नाईट नर्स’ याच वर्षी थिएटरांत लागला. दिग्दर्शक विल्यम वेलमन. नव्यानेच नर्स झालेल्या लोरा हार्टच्या भूमिकेत बार्बरा स्टॅनविक.

लोराला काम मिळतं एका श्रीमंत घरात. रात्रपाळी, आणि सांभाळायच्या दोन लहानग्या आजारी बहिणी. बाहेर दिवाणखान्यात पार्ट्या रंगलेल्या, आई नशेत. आणि आत या दोघी दिवसेंदिवस खंगत चाललेल्या.

लोराच्या लवकरच लक्षात येतं, इथे पाणी मुरतंय. मुलींची चक्क उपासमार चाललीये, तीही त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. रेंजरच्या हुकमाने! मुलींच्या नावावर मोठी रक्कम ठेवलेली आहे. मुली गेल्या की ती आईकडे येणार, आणि आईला मुठीत ठेवणारा शोफर निक ती लाटणार. हा निक म्हणजे क्लार्क गेबल. अजून मिशी नाही, अंगात काळा गणवेश, आणि बाईवर हात उचलताना जराही न कचरणारा.

रेंजर भयंकर आहेच. पण मला या चित्रपटात जास्त अस्वस्थ करतात ते डॉ. बेल. वयस्कर, प्रेमळ, सज्जन गृहस्थ. लोरा धावत त्यांच्याकडे जाते, सगळं सांगते. आणि ते म्हणतात, दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटमध्ये आपल्याला पडता येत नाही. व्यवसायाचा संकेत आहे तसा. लोरा उसळते. संकेत, संकेत, मग माणुसकीचं काय? स्टॅनविकचा तो संताप पाहावा. आवाज चढतो, पण तोल कुठेही सुटत नाही. शेवटी बेल तिला परत त्याच घरात पाठवतात, पुरावा गोळा करायला. म्हणजे जोखीम पुन्हा तिच्याच माथी.

मग ती रात्र येते. धाकटी नॅनी हाताबाहेर चाललेली. घरातली हाउसकीपर सुचवते, पोरीला दुधाने आंघोळ घाला. दुकानं बंद. लोराचा मित्र मॉर्टी, चोरटी दारू विकणारा, दुकान फोडून दूध आणतो. पोरीसाठी त्या रात्री धावून येतो तो हा माणूस, हे वेलमन फार मोठा आव न आणता दाखवून जातात. बेलही अखेर येतात, निकचा ठोसा खातात, आणि लोराचं रक्त नॅनीला चढवलं जातं.

निकचा हिशेब मात्र कोर्टात होत नाही. मॉर्टीची माणसंच त्याचा काटा काढतात. चित्रपटांसाठीची आचारसंहिता १९३० सालीच तयार झाली होती, पण तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली १९३४ मध्ये. त्यानंतर गुन्हेगारांच्या हातून मिळालेला असा न्याय सेन्सॉरच्या कात्रीतून सुटणं अवघडच होतं.