गुंठाभर रानाची मोजणी

श्रोतेहो, नमस्कार. खानापूर, जांबोटीकडून बेळगावच्या बाजारात करवंदं आली की कुणीतरी म्हणतंच, "रानातल्या जाळ्या कमी झाल्या हो!" कशावरून? तर दिसत नाहीत.

या दिसण्यावरून एक गोष्ट आठवते, ती मला फार आवडते. अमेरिकेत नेब्रास्का नावाचं गवताळ राज्य आहे. तिथं रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स हे दोघे तरुण, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स बेसी यांचे विद्यार्थी, माळ पालथा घालत होते. पाउंड तर वकील! अमुक झाड उदंड, तमुक विरळ, असं तेव्हा नजरेनंच ठरवत. या दोघांनी काय केलं, तर 5 मीटर लांब-रुंद चौकोन आखले आणि आतली रोपं एक-एक करून मोजली. वर्षानुवर्षं पाहिलेला माळ, पण नजरेचा अंदाज मोजणीपुढे टिकला नाही. 1898 साली त्यांनी हे छापून सांगितलं. पाउंड पुढे हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचे प्रमुख झाले. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही वकिली शिस्त त्यांनी गवतालाही लावली, असं मला वाटतं.

आपल्याकडे झाडांसाठी 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन घेतात. म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, आपला गुंठाच की! झुडपांना 5 मीटर, चोर्ल्याच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, पावसाळी रोपांना 1 मीटर पुरतो. चार खुंट्या, सुतळी, वही. पण जागा आपण निवडायची नाही. पुन्हा सांगतो, जागा आपण निवडायची नाही! पाय आपोआप दाट जाळीकडे वळतात. नकाशावर चौकटी आखा, नंबर घाला, चिठ्ठ्या काढा. चिठ्ठी नेईल तिथं जायचं, काटे असले तरी.

 

आता जाळी नेमकी सुतळीवर आली तर? दोन बाजूंची धरायची, समोरच्या दोन बाजूंची सोडायची, सगळीकडे तोच नियम. आणि चौकोनात एकही करवंद नसेल तर वहीत शून्य लिहा. रिकामा चौकोन गाळला की सरासरी फुगते. खुंट्या तशाच राहू द्या, पुढच्या वैशाखात त्याच जागी मोजायचं आहे.