दिवसभर दक्षिणेला

श्रोतेहो, नमस्कार.

लालबागला आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या पार टोकाला होते. जन्मापासून तिथे राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण २००० सालच्या पावसाळ्यात एका रात्री आम्ही कॉलेजातली चार धटिंगण पोरं तिथवर जोडीजोडीने जाऊन आलो. कारण होतं भाड्याने आणलेली एक सीडी. सिनेमाचं नाव ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’, आदल्याच वर्षी, म्हणजे १९९९ला, अमेरिकेत आलेला.

या सिनेमात भूत दिसत नाही. मी जाणकारासारखं बोलत नाही, खरंच दिसत नाही. एक मुलगी आणि दोन मुलगे मेरीलँड राज्यातल्या एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढायला रानात शिरतात आणि वाट चुकतात. बास. नकाशा गहाळ होतो. तो कसा गहाळ झाला हे पुढे कळतं, आणि त्यावरून तिघं जे भांडतात ते कोणत्याही हडळीपेक्षा अंगावर येतं. आणि मग तो प्रसंग. होकायंत्र हातात धरून तिघं दिवसभर दक्षिणेला चालतात. दक्षिण म्हणजे दक्षिण, इकडेतिकडे नाही. आणि शेवटी ओढ्यावर आडव्या पडलेल्या त्याच ओंडक्यापाशी येऊन उभी राहतात, जो मागे टाकून आली होती.

आम्ही चौघं गप्प. तेवढ्यात मागून, खाटेवरून, मित्राची आजी म्हणाली, “चकवो लागलो हा त्यांका. जरा बसाक नको? नुसते चलतत.”

आजी वेंगुर्ल्याकडची. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं तिला, पण आख्खा सिनेमा तिला आमच्या आधी कळला होता. तिच्या मते यात नवीन काहीच नव्हतं. चकवा लागला की पायाखालची वाट तुम्हाला गरगर फिरवून पुन्हा तिथेच आणून सोडते. त्यावर उपाय एकच, खाली बसायचं, पान खायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न टाकला, “ह्या रानाक राखणदार नाय?”

मला आजही वाटतं, त्या सिनेमावर याहून नेमकं कोणी बोललेलं नाही. आपल्या कोकणात रान म्हटलं की भुतं आली, तसा त्यांच्यावर नजर ठेवणाराही आला. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या हद्दीतून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देवचार तर हातात काठी घेऊन वाटसरूला घरापर्यंत सोडतो म्हणे. गाऱ्हाणं घालायला कोणीतरी आहे. त्या तिघांना हाक मारायलाही कोणी नव्हतं. आपल्या हिंदी सिनेमानेही माणसाला इतकं एकटं टाकलं नाही. रामसे बंधूंची गाडी रानात बंद पडली की समोर हवेली ठरलेली, हवेलीत कंदील घेतलेला चौकीदार ठरलेला. मग हरवलात कुठे तुम्ही? पत्ता सापडला की!

आता ही भीती पडद्यावर आली कशी ते सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट रेडिओवाल्यांच्या जवळची आहे. डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन दिग्दर्शकांनी १९९७च्या ऑक्टोबरात जेमतेम आठ दिवसांत हे चित्रण उरकलं. उरकलं तरी कसं म्हणावं? कॅमेरे नटांच्याच हातात. रोज जीपीएस यंत्रावर पुढचं ठिकाण द्यायचं. तिथे पोचलं की खाण्याचं सामान आणि फिल्मच्या रिकाम्या डब्यांतून चिठ्ठ्या. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, दुसऱ्याला काय सांगितलंय ते कळायचं नाही. खाणं मात्र दिवसागणिक कमी. म्हणजे पडद्यावरची चिडचिड बरीचशी पोटातून आलेली. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारात तंबूभोवती जायची, टेपवर लहान मुलांचे आवाज वाजवायची, तंबू गदागदा हलवायची. पडदा जवळजवळ काळा, आणि बाहेर काटक्या मोडल्याचा आवाज. अशा वेळी सिनेमा बघत नाही आपण, ऐकतो.

आणि हे रान काही जगाच्या टोकाला नव्हतं. बरंचसं चित्रण सेनेका क्रीक नावाच्या उद्यानात झालं, वॉशिंग्टन शहरापासून तासाभराच्या वाटेवर. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कसारखंच म्हणा ना! पुढे हे तिघं खरोखरच बेपत्ता आहेत अशी हूल उठवली, इंटरनेटवर आणि भिंतींवरच्या पत्रकांतून. लोकांनी ती खरी मानली आणि सिनेमाने जगभर सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर गोळा केले. त्या धंद्याबद्दल मला फारसं कौतुक नाही. ओंडक्याबद्दल आहे.

कारण तो ओंडका खरा आहे. २००९ साली यान साउमन नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका दाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना नुसतं सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर जमलं. आभाळ भरून आलं तेव्हा जंगलातले लोक गोल फिरू लागले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळे बांधले की काही जण वीसेक मीटरच्या वर्तुळातच फिरत राहिले. थोडक्यात, आजीचा चकवो जर्मनीतही लागतो.

आम्हाला तो राजमाचीला लागला. सिनेमा पाहिल्यावर महिन्याभराने, तेच चौघं. कर्जतला उतरून कोंदिवडे, कोंढाणे लेणी, तिथून वर. लेण्यांच्या वर धुकं असं उतरलं की पुढच्याची पाठ दिसेना. मळलेली वाट सोडून आम्ही कधी ढोरवाटेला लागलो, कळलंच नाही. करवंदीच्या जाळीत अडकलेला एक निळा प्लास्टिकचा कागद पाहिला. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा “डावीकडे कोण म्हणालं होतं?” यावरून हमरीतुमरी सुरू झाली, आणि शपथेवर सांगतो, शब्दसुद्धा त्या सिनेमातलेच होते. मित्र एकदम म्हणाला, “आजीने सांगितलंय, बसा.”

बसलो. पोळी-भाजीचा डबा उघडला. पाऊण तास गेला असेल. धुक्यातून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या आणि मागोमाग एक उंच गुराखी, डोक्यावर इरलं, हातात काठी. “राजमाची? ही काय,” म्हणून त्याने काठीनेच दाखवली. वाट पन्नास पावलांवर होती. आम्ही मागे वळून आभार मानेपर्यंत गुरं आणि तो, दोन्ही धुक्यात गेले होते.

रात्री शेवटच्या लोकलने लालबागला आलो. आजी जागीच होती. सगळं ऐकून घेतलं तिने, आणि एकच विचारलं, “तेच्या पायात काय होता रे?”

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या पायांकडे कोणीच बघितलं नव्हतं.