पॉली मरे आणि 'जेन क्रो'

नमस्कार श्रोतेहो.

साल 1941. वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठ, कायद्याच्या वर्गाचा पहिला दिवस. वर्गात बाई एकटीच, पॉली मरे. शिकवायला आलेले प्राध्यापक म्हणाले, बायका कायदा शिकायला कशाला येतात कोण जाणे. पण आता आल्याच आहेत तर चालवून घेऊ. वर्ग हसला. मरे गप्प राहिल्या, पण या वर्गात पहिलं यायचं हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

ते हसू मला फार बोचतं. कारण हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. वर्णभेदाविरुद्ध कोर्टात उभे राहणारे वकील तिथेच घडत होते. मरे स्वतः कृष्णवर्णीय. 1938 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना वर्णावरून प्रवेश नाकारला होता. 1940 मध्ये व्हर्जिनियात बसमधल्या मागच्या मोडक्या सीटवर बसायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. गांधीजींच्या सत्याग्रहाबद्दल त्यांनी वाचलं होतं. तुरुंगात त्याच रीतीने वागायचा त्यांनी प्रयत्न केला. अशी झळ सोसलेली बाई वर्गात बसली होती, आणि हसणारे होते तेही तीच झळ सोसलेले!

वर्णभेदाच्या कायद्यांना अमेरिकेत 'जिम क्रो' म्हणत. बायकांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीला मरेंनी नाव दिलं, 'जेन क्रो'. तोवर ही गोष्ट म्हणजे एकेकीने मनात गिळायचा अपमान होता. आता तिच्याकडे बोट दाखवता येऊ लागलं.

1944 मध्ये मरे खरोखरच पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याने पुढच्या शिक्षणाला हार्वर्डला जायचं, असा तिथला रिवाज. हार्वर्डचं उत्तर आलं: आमच्याकडे प्रवेशाला पात्र असलेल्या लिंगाच्या तुम्ही नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं, तरी उपयोग झाला नाही. मरेंनी हार्वर्डला कळवलं, तुमच्या अटीसाठी मी आनंदाने लिंग बदलेन, पण तो मार्ग मला कोणी दाखवलेला नाही. तेव्हा तुम्हीच आपलं मत बदला, की तेही तितकंच अवघड आहे? हार्वर्डच्या कायदा शाळेत मुली शिरल्या त्या 1950 मध्ये.

मरे कॅलिफोर्नियात शिकल्या, पुढे येलमधून डॉक्टरेट घेतली. पण त्यांचं सगळ्यात मोलाचं काम मला 1964 मधल्या एका टिपणात दिसतं. नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा तेव्हा संसदेपुढे होता. त्यात वर्णाबरोबर लिंगही धरायचं की नाही, यावर खल चालला होता. अनेकांना वाटत होतं, आधी वर्णाचं बघू, बायकांचं नंतर. मरेंनी लिहिलं, लिंग हा शब्द गाळलात तर निम्मे कृष्णवर्णीय उघड्यावर पडतील. कृष्णवर्णीय बाईला नोकरी नाकारली, तर ती वर्णामुळे की बाई म्हणून, हे तिने कसं सांगायचं? मालक म्हणेल, वर्णाचा काही प्रश्न नाही, आम्हाला बाई नको. मग ती दाद कुठे मागणार? हे पुस्तकातून सुचत नाही, श्रोतेहो. दोन्ही दारांबाहेर उभी राहिलेली बाईच हे इतकं नेमकं लिहू शकते. तो शब्द कायद्यात राहिला.

पुढच्याच वर्षी वकील मेरी ईस्टवूड यांच्याबरोबर त्यांनी 'जेन क्रो' आणि कायदा यावर लेख लिहिला. सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती वर्णभेदाविरुद्ध चालते, तर लिंगभेदाविरुद्ध का नाही, असा त्यांचा सवाल होता.

1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयडाहो राज्यातला एक खटला आला. सॅली रीड यांचा मुलगा वारला होता. त्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघायला आई आणि बाप, दोघांनीही अर्ज केला. राज्याचा कायदा सांगत होता, पुरुषालाच प्राधान्य. न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे लिंगभेद करणारा कायदा मोडीत काढण्याची ही पहिलीच वेळ.

सॅली रीड यांच्या बाजूचं लेखी निवेदन रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, पुढे ज्या त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या त्यांनी, तयार केलं होतं. मरेंनी त्यातली एकही ओळ लिहिली नव्हती. तरीही पहिल्या पानावर, वकिलांच्या नावांमध्ये, गिन्सबर्ग यांनी त्यांचं नाव घातलं: पॉली मरे.